द्यायचा कप्पा

नाशिकच्या मेन रोडवर साड्यांच्या दुकानात शिरलं, की गादीवरचा माणूस पाणी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतो. "वापरायला दाखवू ताई, की देण्याघेण्यातल्या?"

मी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा लग्न होऊन नुकतीच या घरात आले होते. शेजारी माझ्या मोठ्या जाऊबाई बसल्या होत्या, संपदावहिनी. त्यांनी पदर सावरला आणि चहात साखर किती घालायची हे सांगावं इतक्या सहज सांगितलं, "देण्याघेण्यातल्या. वापरायला आमच्याकडे आहेत."

देण्याघेण्यातली साडी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात लग्नकार्य झालंय त्यांना सांगायला नको. घडीत असते तोवर झकास दिसते. उलगडली की आरपार पलीकडची भिंत दिसते आणि पहिल्याच धुण्यात निम्मा रंग बादलीत उतरतो. ती नेसायची नसतेच. एकीने दुसरीला द्यायची, दुसरीने तिसरीच्या गळ्यात मारायची, आणि प्रत्येकीने "अगं, कशाला एवढं" म्हणत पिशवीत कोंबायची. बाकीच्या बायका हा प्रकार कार्यापुरता करतात. वहिनींनी त्यावर अख्खा संसार केला.

त्यांच्या झोपायच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यातला वरचा कप्पा वापरायचा, खालचा द्यायचा. वापरायचा म्हणजे आज वापरायचा असं नव्हे हं. कधीतरी, चांगल्या प्रसंगाला. तो प्रसंग काही येत नाही आणि वस्तू तिथेच पडून राहते. खालच्या कप्प्यात मात्र सतत ये-जा. ओटीत आलेले ब्लाउजपीस, कुणाच्या तरी मुंजीतली वाटी, पट्टा तुटलेली पर्स, झाकण हरवलेला डबा, तळाशी सुकलेल्या अत्तराची बाटली. जे फेकवत नाही आणि ठेवायची लाज वाटते, ते खाली. आमचा वरचा मजला बांधून झाला तेव्हा वास्तुशांतीला त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मागच्या चिकटपट्टीवर भलत्याच कुणाचं नाव होतं. मी ते नाव त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत. "चालतंय ना घड्याळ? मग झालं तर," म्हणाल्या.

कुणाला वाटेल, बाई कंजूष आहे. तसं असतं तर मी एवढं बोलले नसते. कंजूष माणूस दार लावून घेतो, आपल्याला त्याचा राग येतो आणि विषय संपतो. वहिनींच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही, तेच तर दुखणं. त्यांना देण्याची भारी हौस. गल्लीत त्यांची ख्याती सढळ हाताची बाई म्हणून. देताना चेहरा असा उजळायचा, की घेणाऱ्याने त्यांच्या तोंडाकडेच बघत राहावं, हातात काय पडलंय तिकडे बघू नये.

धुण्याभांड्याला कळवणकडची अक्काबाई यायची. दिवाळीतला चिवडा वहिनींनी तिला दिला तो होळीच्या सुमारास, तोही डबा मोकळा हवा होता म्हणून. मी जिन्यात उभी होते. झाकण निघालं आणि खवट तेलाचा असा भपकारा आला की मी दोन पायऱ्या वर सरकले. "मुलांना खायला घेऊन जा गं, घरचा आहे," वहिनी मायेने म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी अक्काबाईला विचारलं, मुलांनी खाल्ला का? ती म्हणाली, "नाय ओ बाई. कोंबड्यांपुढं टाकला, तर त्याबी लय हुशार, बाजूला झाल्या." ती हसत होती. मला हसू आलं नाही, कारण वहिनी त्याच वेळी खाली फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की आम्ही कामवालीला घरच्यासारखं वागवतो.

हे सगळं मुलांना बसवून शिकवायला लागलं नाही. मुलं बघत असतात.

गोदावरीला मोठा पूर आला त्या वर्षी इराच्या शाळेत पूरग्रस्तांसाठी कपडे मागवले होते. इरा म्हणजे वहिनींची धाकटी, तेव्हा लहान होती. तिने आपला नवा लाल स्वेटर व्यवस्थित घडी करून दप्तरात ठेवला. वहिनींनी दप्तर उघडलं, स्वेटर बाहेर काढून वरच्या कप्प्यात ठेवला आणि खालच्यातला एक आणून भरला. बाही उसवलेला, एकही बटण नसलेला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, त्यांची घरं भिजलीत. थंडी वाजेल ना त्यांना."

वहिनी रागावल्या नाहीत. केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, द्यायचंच आहे ना? वापरायचं थोडंच आहे?"

हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलंय की मला त्याची चाल पाठ आहे. 'द्यायचंच'वर जोर, 'थोडंच'वर गोड हेल. इरा त्या दिवशी रडत शाळेत गेली. पुढच्या वर्षी शाळेने गरीब मुलांसाठी वह्या मागवल्या, तेव्हा तिने कुणी न सांगता आपल्या जुन्या वह्या काढल्या, लिहिलेली पानं फाडली आणि उरलेल्या चार-चार पानांच्या वह्या पिशवीत भरल्या. वहिनींनी मला हाक मारून वरून खाली बोलावलं आणि ती पिशवी दाखवली. "बघ गोदा, पोरगी कशी तयार झाली." मोठा देवव्रत तर आधीच तयार होता. त्याला रडावंही लागलं नव्हतं.

आणि आमचे भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान उपेंद्र, हे सगळं बघायचे आणि वर्तमानपत्र जरा वर धरायचे. भला माणूस होता, पण मी त्यांनाही सोडणार नाही. मुलांनी आईचं बोलणं उचललं तसं बापाचं गप्प बसणंही उचललं असणारच. मला स्वतःला मूलबाळ नाही. त्यामुळे मी काय दिवे लावले असते हे कुणाला तपासता येत नाही, आणि बोलायला मला मोकळीक आहे.

भाऊजी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. त्यांच्याबरोबर अब्बासभाई. दोघं एकत्र नोकरीला लागले, एकत्र निवृत्त झाले आणि नाशिकरोडला एकाच गल्लीत त्यांनी घरं बांधली. अब्बासभाईंच्या घरी उलटी तऱ्हा. ईदला शीरखुर्म्याचं पातेलं उतरलं, की त्यांच्या रोशनबी वरचं दाट, खारका-काजू आलेलं सगळं आधी शेजाऱ्यांच्या डब्यांत काढतात. मग घरच्यांना वाढतात. त्यांचा रिझवान लहानपणापासून यावर कटकट करत आलाय. "अम्मी, हमारे लिए खाली दूध बचाया क्या?" रोशनबींचं एकच म्हणणं. "देना है वो पहले निकालो. बाद में निकालोगे तो हाथ रुकता है." रिझवान कुरकुरत डबे घेऊन निघायचा आणि आमच्या दारात येऊन म्हणायचा, "घ्या काकू, आमचं सगळं तुमच्याकडेच आलंय."

यात धर्माचं काही नाही, उगाच कुणी डोळे भरून आणू नयेत. रोशनबींची सख्खी नणंद मालेगावला असते. बकरी ईदला चांगले तुकडे फ्रीझरमध्ये आणि वाटायच्या पिशव्यांत हाडं, हा तिचा खाक्या. तिची मुलं आज वेगवेगळ्या घरांत राहतात आणि प्रत्येकाच्या घरातून तसल्याच पिशव्या बाहेर पडतात. हे मला रोशनबींनीच सांगितलं, नाकाला पदर लावून.

आता चपलांकडे येते.

बॉयलरसमोर जन्मभर उभं राहून भाऊजींचे पाय कामातून गेले होते. तळव्यांना कुरुपं झाली होती, पंजा पसरला होता. रस्त्यात खडा टोचला की गडी भिंत धरून उभा राहायचा. बाजारातली कुठलीच चप्पल त्यांना धड व्हायची नाही. निवृत्तीच्या वेळी अब्बासभाई त्यांना देवळाली कॅम्पात सहादू नावाच्या चांभाराकडे घेऊन गेले. त्याने कागदावर भाऊजींचा पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारली, जिथे कुरूप होतं तिथे खुणा केल्या, आणि जोड बनवला. वर मऊ चामडं, खाली जाड फोमचा तळ. अब्बासभाईंची भेट. भाऊजी त्या चपला घालून अंगणात चालले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिलाय. दुखत नसलं की माणूस कसा दिसतो, तसा दिसत होता.

संध्याकाळपर्यंत चपला खोक्यात आणि खोकं वरच्या कप्प्यात गेलं. "एवढ्या चांगल्या रोज घालून खराब करायच्या का?" वहिनी म्हणाल्या. "कुठे जायचं असलं की काढू." भाऊजी परत आपल्या रबरी चपला घालून दूध आणायला जायला लागले. आणि हो, त्यांनी वर्तमानपत्र वर धरलं. मी दोनदा भांडले, तिसऱ्यांदा आमच्या ह्यांनी मला गप्प केलं, की त्यांच्या घरातलं त्यांना बघू दे.

गेल्या वैशाखात भाऊजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पहिल्या दिवशी आमच्यात चूल पेटत नाही. रोशनबींनी पिठलं-भात करून पाठवला आणि तो घेऊन रिझवान आला. देवव्रत पुण्याहून आला, इरा बंगळुरूहून.

वहिनी पार खचल्या होत्या. मी त्यांना नावं ठेवते, पण ते दुःख खरं होतं. दिवसा मंदिरातले कीर्तनकार घरी यायचे, त्यांच्याकडून गरुडपुराण ऐकायला त्या बसायच्या, आणि एक गोष्ट त्यांच्या मनात जी रुतली ती निघेना. गेलेल्या माणसाला पुढे लांबची वाट चालायची असते, तापलेल्या वाळूची, काट्यांची. म्हणून बाराव्याला छत्री द्यायची, पाण्याचा तांब्या द्यायचा, चपला द्यायच्या. आपण जे देतो तेच त्याला तिथे मिळतं.

"गोदा, ह्यांचे पाय गं," त्या माझा हात धरून म्हणाल्या. "बाहेर बघ कसं ऊन आहे. ह्यांना खडा सहन होत नव्हता." मी असल्या गोष्टींवर फारसा विश्वास ठेवत नाही. पण त्यांचा होता, पुरता. त्यांनी देवव्रतला समोर बसवून सांगितलं, "बाकी काय आणायचं ते आण. चपला तेवढ्या चांगल्या आण. बाबांच्या मापाच्या."

बाराव्याच्या आदल्या संध्याकाळी देवव्रत पंचवटीत जाऊन दानाचा संच घेऊन आला. घाटाजवळच्या दुकानांत हा संच तयार मिळतो. दुकानदार तिथेही तेच विचारतो, वापरायला की दानाला. पारदर्शक प्लास्टिकमध्ये सगळं बांधलेलं होतं. तान्ह्या बाळालाही पुरणार नाही अशी गादी. उघडली की मिटणार नाही अशी छत्री. दाबला तर चेपेल असा तांब्या. आणि सुतळीने एकमेकींना बांधलेल्या दोन चपला, सगळ्या मेलेल्या माणसांसाठी एकाच मापाच्या, पट्टे डिंकाने चिकटवलेले.

वहिनींनी प्लास्टिक फाडून चपला हातात घेतल्या. "देवू, अरे, ह्या ह्यांना होणार नाहीत."

देवव्रत मोबाइलवर जेवणाच्या ऑर्डरचं बघत होता. त्याने मान वर केली नाही. "आई, द्यायचंच आहे ना? वापरायचं थोडंच आहे?"

तोच जोर, तोच हेल. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या अंगावर शहारा आला, झुरळ हातावरून गेल्यासारखा. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचंच वाक्य त्यांच्या पोराने त्यांना परत दिलं होतं, आणि त्यात चूक काय हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. इराने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि समजावलं की हे सगळं प्रतीक असतं, मनात भावना हवी.

त्या रडत रडत उठल्या आणि कपाटाकडे गेल्या. वरच्या कप्प्यातून त्यांनी सहादूचं खोकं काढलं. "ह्या आहेत की," म्हणाल्या. "ह्यांच्या मापाच्या, जपून ठेवलेल्या." चेहऱ्यावर अशी सुटका झाल्याची कळा होती की मला त्या क्षणी त्यांची दया आली. त्यांनी एक चप्पल उचलली. चामडं हातात आलं आणि तळ खोक्यातच राहिला. दुसरीचा अंगठ्याने दाबला, तर शिळ्या रवा-लाडवासारखा भुगा झाला. फोमचा तळ घातला तर वर्षानुवर्षं टिकतो, नुसता ठेवला तर आतल्या आत सडतो. वहिनींच्या मांडीवर, साडीवर, फरशीवर पिवळट भुगा पडला. त्या तो गोळा करायला लागल्या. कशाला, कुणास ठाऊक.

"आता तरी कळलं का वहिनी?" मी म्हटलं. मला राहवलं नाही. त्या गोळा करतच राहिल्या, आणि मीही मग सुपलीत भुगा भरायला मदत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवटीत गुरुजींकडे बाराव्याचे विधी होते. देवव्रत आणि इरा त्यांच्या गाडीने पुढे गेले. वहिनी, मी आणि आमचे हे रिझवानच्या व्हॅनमध्ये. रात्रीची हकीकत मी त्याला सांगितली. तो नेहमीसारखा वैतागला. "काय काकू तुम्ही लोक. आधी सांगायला काय होतं? आता मला गाडी लावायला जागा कुठे मिळणार?" असं म्हणत त्याने व्हॅन एका चपलांच्या दुकानासमोर लावली.

दुकानदाराने विचारलं, "वापरायला दाखवू, की दानाला?"

वहिनींच्या ओठांवर सवयीचा शब्द आलेला मी पाहिला. जन्मभराची जीभ ती. त्यांनी तो गिळला. "वापरायला," म्हणाल्या. "आमच्या ह्यांना."

"माप काय?"

ते वहिनींना माहीत नव्हतं. ज्या माणसाबरोबर केस पांढरे झाले, त्याच्या पायाचं माप त्यांना सांगता येईना. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. रिझवानने घरी फोन लावला आणि तिकडून अब्बासभाईंनी लगेच सांगितलं, आठ नंबर, पण पंजा रुंद घ्यायचा, उजव्या पायाला अंगठ्याखाली कुरूप आहे, तिथे पट्टा येता कामा नये. रिझवानने दुकानदाराला अर्धं दुकान काढायला लावलं, प्रत्येक चपलेत हात घालून बघितलं, आणि एक जोड निवडला. तपकिरी, जाड तळाचा, मऊ. वहिनींनी पर्स उघडली तर म्हणाला, "राहू द्या हो. अंकलनी मला सायकल शिकवलीय." आणि परत गाडी लावायच्या जागेवरून कुरकुर सुरू.

वहिनी त्या चपला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिल्यांदा मला त्या बाईबद्दल चांगलं वाटलं. मनात आलं, सुटली बाई.

गुरुजींच्या ओसरीवर सगळं मांडून ठेवलं होतं. संचातली गादी, त्यावर छत्री, तांब्या. वहिनींनी सुतळीचा जोड बाजूला सरकवला आणि नवा जोड गादीच्या पायथ्याशी ठेवला, नीट, घालायला सोयीचा असा. देवव्रत सोवळं नेसून अनवाणी उभा होता. त्याचं लक्ष गेलं. त्याने वाकून एक चप्पल उचलली, वाकवून बघितली, आतला शिक्का वाचला. मग जमिनीवर ठेवली आणि तिच्यात पाय घातला.

"आई, ह्या मला बरोबर होतायत," तो म्हणाला.

बापाचाच पाय, पसरट पंज्याचा. होणारच बरोबर. त्याने दुसरीही घातली आणि दोन पावलं चालून बघितली. "मस्त आहेत गं. ह्या इथे ठेवून काय उपयोग? संध्याकाळी परत दुकानात विकल्या जाणार. ह्या मी वापरतो. द्यायला त्या आहेत ना." आणि सुतळीचा जोड पायानेच गादीकडे ढकलला.

मला किळस आली. दुसरा शब्द नाही. नासलेलं काही तोंडात गेल्यासारखं झालं.

"देवव्रत, काढ त्या चपला," मी सगळ्यांसमोर ओरडले. "त्या तुझ्या बापाच्या आहेत."

"काकू, प्लीज, तुम्ही यात पडू नका." त्याला खरंच कळत नव्हतं की मी का चिडलेय. रागाने मी वहिनींकडे बघितलं. एक शब्द बोलल्या असत्या तर पोराने काढल्या असत्या. त्या इराकडे बघत होत्या. इरा म्हणाली, "आई, दादाचं बरोबर आहे. बाबांनाही वस्तू वाया गेलेली आवडली नसती." गुरुजींनी घड्याळ बघितलं, म्हणाले, संकल्प सोडून घेऊया.

वहिनींनी देवव्रतच्या पायांकडे बघितलं. मग त्यांनी सुतळीचा जोड उचलून गादीच्या पायथ्याशी ठेवला. "असू दे गोदा," म्हणाल्या. "त्याला होतायत तर घालू दे."

त्यावर तुळशीपत्र ठेवलं, पाणी सोडलं. सुतळीसुद्धा कुणी सोडली नाही. भाऊजींना त्या वाटेवर आधी गाठ सोडत बसावं लागलं असेल.

रिझवान दाराशी उभा राहून हे सगळं बघत होता. परतताना तो एक अक्षर बोलला नाही. गाडी लावण्यावरूनही नाही. घरापाशी रोशनबी फाटकात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाईसाब को अच्छी चप्पल गई ना?" तो म्हणाला, "हां अम्मी, गई," आणि आत निघून गेला. देवव्रत त्या चपला घालून पुण्याला गेला.

मला वाटलं होतं, इतकं झाल्यावर वहिनी ते कपाट उघडणार नाहीत. पावसाळा सरला, आणि एक दिवस त्या वर माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गोदा, माझ्याबरोबर देवळाली कॅम्पात चल. त्या सहादूकडे." मला बरं वाटलं. त्यांचेही गुडघे, टाचा दुखतातच. सहादूने कागदावर त्यांचा पाय ठेवून रेघ मारली. वहिनींनी त्याला बजावून सांगितलं, चामडं उत्तम हवं, तळ ह्यांच्या जोडासारखाच जाड फोमचा हवा, अजिबात काटकसर नको. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुठल्या वस्तूसाठी सगळ्यात चांगलं मागताना ऐकलं.

चपला सुरेख झाल्या. घरी आल्यावर मी म्हटलं, घाला बघू, अंगणात चालून दाखवा. त्यांनी कपाट उघडलं आणि खोकं ठेवलं. वरच्या कप्प्यात नाही, खालच्या, द्यायच्या कप्प्यात. उसवलेल्या पर्स आणि ब्लाउजपीस बाजूला सारून त्याला नीट जागा केली.

"वहिनी, कुणाला द्यायच्यात?"

"मलाच गं," त्या म्हणाल्या. "माझ्या बाराव्याला. मुलं काय आणतील ते मी बघितलंय. तू लक्ष ठेव हं. ह्याच ठेवायच्या, इराने मागितल्या तरी द्यायच्या नाहीत."

त्या कप्प्यात गेलेली ती पहिली चांगली वस्तू, आणि ती स्वतःसाठीच. मला हसावं की ओकावं कळेना. मी त्यांना म्हटलं, अहो, तुम्ही स्वतः हातात भुगा धरलाय, विसरलात का? आत्ताच घाला, रोज घाला, टाचा दुखतात ना तुमच्या.

वहिनींनी खोक्यावरून पदर फिरवला आणि कपाटाचं दार लावलं.

"काहीतरीच तुझं गोदा," त्या म्हणाल्या. "ह्या वापरायला थोड्याच आहेत?"